पाणकावळ्यांचा ढोल

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे, आणि बेसबॉलच्या एका संघाचा ढोल आहे. संघही असा की जिंकण्यापेक्षा हरतोच जास्त. जपानमधल्या हामाओ बंदराचा हा संघ. त्याच्या टोपीवर पंख पसरून बसलेला पाणकावळा आहे, म्हणून सगळे त्याला पाणकावळेच म्हणतात. हरले की गावातले लोक म्हणतात, "पुन्हा बुडाले." आमची माणसे उत्तर देतात, "पाणकावळा बुडी मारतो ती मासा आणायलाच." कधीकधी मासा येतोही.

माझा जन्म बंदरामागच्या डोंगरात, एका कारागिराच्या अंगणात झाला. त्याने देवदाराच्या पट्ट्या पिंपासारख्या जोडून माझे पोट केले. दोन्ही तोंडांवर कातडे घातले, दोरखंड आवळला, आणि मग तो माझ्या तोंडावर चक्क उभा राहून नाचला. त्याशिवाय कातडे ताणले जात नाही. जन्मतःच माझ्या डोक्यावर कोणी नाचले, म्हणून पुढचे सारे सोसणे मला जड गेले नसावे.

मला घडवून घेतले ते दोन मित्रांनी. एक कुरोइवा तात्सुओ, टोफू म्हणजे सोयाबीनचे पनीर करणारा. दुसरा निशिहाता, न्हावी. संघ गावात नवा होता आणि या दोघांनी त्याच्या समर्थकांचे मंडळ काढले होते. मैदानाच्या उजव्या बाजूला, कुंपणामागच्या उघड्या बाकांवर आमची जागा ठरली. आपला संघ बॅट घेऊन उभा राहिला की मी वाजायचे, समोरचा संघ खेळू लागला की मी विसावा घ्यायचा, अशी आमची पद्धत होती. विसाव्याच्या वेळी तात्सुओ माझ्यावर भाताच्या वड्यांचा डबा ठेवून जेवत असे. प्रत्येक खेळाडूचा ठेका वेगळा होता. चोवीस वर्षे तात्सुओने ते सगळे ठेके आपल्या मनगटात सांभाळले. लहान मुले माझ्या पोटाला कान लावून बसायची. एकदा संघ तिसरा आला तेव्हा वर्तमानपत्रात माझे चित्रही छापून आले होते.

मग एका शरद ऋतूत तात्सुओ गेला.

दोन वर्षे मी टोफूच्या दुकानामागच्या खोलीत पडून होतो. माझ्यावर सोयाबीनची पोती रचली होती. दोरखंड सैल पडला, कडेला बुरशी धरली. तात्सुओची बायको फुसाए रोज पहाटे तिथून पोते ओढून न्यायची, पण माझ्याकडे बघायची नाही. मी तिला दोष देत नाही. माझ्याकडे पाहिले असते तर तिला कोण आठवले असते, हे मला कळत होते.

एका वसंतात निशिहाता आला आणि खोलीच्या दारातच उभा राहिला.

"वहिनी, ढोल द्या. नाहीतर ढोल घेऊन तुम्हीच या."

"मला त्यातलं काय कळतंय, भाऊ? नऊ माणसं उन्हात उभी राहतात, एवढंच कळतं."

"तेवढं पुरे आहे. आमच्यातल्या निम्म्यांना तेवढंही कळत नाही."

ती आली. दगडाखाली टोफू दाबून दाबून तिचे दंड घट्ट झाले होते. पहिल्या दिवशी तिने मला असे बडवले की पुढच्या बाकावरच्या माणसाच्या हातातला पेला सांडला. पण दोन महिन्यांत सगळे ठेके तिच्या हातात बसले. आणि त्या बाकांवर तिला माणसे मिळाली. ती घसरून पडली आणि पाय मोडला, तेव्हा मंडळाच्या लोकांनी पाळीपाळीने तिचे दुकान चालवले. निशिहाताने तळलेला टोफू इतका जाळला की गिऱ्हाईक अजून आठवण काढते. तिच्या घरी दुसरे कोणी नव्हते. मंडळ हेच तिचे घर झाले होते.

आता त्या वर्षाचे सांगतो.

वर्षाची सुरुवात झोकात झाली. चेरी फुलली तेव्हा पाणकावळे दुसऱ्या क्रमांकावर होते. निशिहाता गिऱ्हाइकांना फुकट मान चोळून देत होता. मग जूनचा पावसाळी महिना आला. आमचा सगळ्यात चांगला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, खांदा धरून बसला. एक सामना गेला, दोन गेले, पाच गेले. ओल्या हवेत माझेही कातडे ढिले पडते आणि आवाज बसतो. फुसाए मला सोयाबीनचे दूध उकळते त्या मोठ्या कढईजवळ नेऊन शेकायची. मी शेकून निघायचो, संघ मात्र भिजतच राहायचा.

सगळ्यात वाईट दिवस आले ते तोगुचीवर. हा चौतीस वर्षांचा खेळाडू उजव्या कुंपणाजवळ, म्हणजे अगदी आमच्या पुढ्यात, आमच्याकडे पाठ करून उभा असायचा. बारा वर्षे तो याच संघात होता. त्या महिन्यात त्याच्या बॅटला चेंडू लागेना आणि हातात चेंडू टिकेना. गावाला बोलायला विषयच मिळाला.

"फुसाएबाई, एक टोफू द्या," कोळीवाड्यातली एक बाई म्हणाली, "पण तोगुचीच्या हातासारखा नको, निसटायचा."

"तुझ्या हातात तरी काय टिकतं गं? गेल्या आठवड्यात माझा वाडगा कोणी फोडला?"

दोघी हसल्या. बाई गेल्यावर फुसाएने मात्र कढईजवळ येऊन माझी दुसरी बाजू आचेकडे फिरवली.

सलग चौदावा सामना हरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, निशिहाता दुकानात आला. त्याने बसायलाही नकार दिला.

"वहिनी, उद्या ढोल आणायचा, पण गवसणी काढायची नाही. कर्णे नाहीत, घोषणा नाहीत. नऊ डाव तोंड बंद. मंडळाचं ठरलंय. एकदा कळू दे त्यांना."

"त्यांना कळत नाही, असं वाटतं तुम्हाला?"

"चौदा सामने, वहिनी! माझा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यावर असतो आणि ते विचारतं, काल काय झालं? हात थरथरतो माझा."

"मग उद्यापासून नुसते केस कापा."

निशिहाता हसला नाही. आवाज खाली आणून म्हणाला, "तात्सुओ असता तर त्यानंही हेच केलं असतं."

तात्सुओने काय केले असते, हे मला तरी ठाऊक नाही. सलग चौदा पराभव त्याच्या वाट्याला कधी आलेच नव्हते. पण मी मंडळाचा ढोल होतो, एकट्या फुसाएचा नव्हे. तिने मान डोलावली.

रविवारी दुपारी मी गवसणीतच बाकावर जाऊन बसलो. आकाश खाली आले होते, पाऊस भुरभुरत होता. समुद्रावर धुके दाटल्यामुळे पलीकडची बोट आलीच नाही, म्हणून आदल्या दिवशीच पोचलेल्या पाहुण्या संघाचे समर्थक नव्हते. मित्रांनो, इतके शांत मैदान मी जन्मात ऐकले नव्हते. बॅटचा टक्क आवाज यायचा आणि विरून जायचा. आमची माणसे हाताची घडी घालून बसली होती. कर्णेवाली सायो कर्णा मांडीवर आडवा घेऊन खाली मान घालून होती.

सहा डाव असेच गेले. पाहुण्यांच्या तीन धावा, आमची एक.

सातव्या डावात पाहुणे खेळत असताना एक उंच चेंडू उजवीकडे आला. तोगुची मागे मागे आला, हात वर केला, आणि ओला चेंडू त्याच्या हातमोज्यातून निसटला. आणखी दोन धावा गेल्या. दुसऱ्या बाजूच्या बाकांवरून कोणी ओरडले, "घरी जा, म्हाताऱ्या!" काही जण हसले.

एरवी अशा वेळी पाहुण्यांचे कर्णे आणि आमचा गलका यांत काहीच ऐकू आले नसते. त्या दिवशी मात्र सगळे ऐकू आले. आमचा पिचर वीस वर्षांचा पोर होता. तो खांदे पाडून मधोमध उभा होता. तोगुची त्याला इतक्या दुरून ओरडून सांगत होता, "माझी चूक! माझी! तुझा चेंडू झकास होता! टाक, टाक, मी आहे मागे!" पुढच्या प्रत्येक चेंडूला तो ओरडला. "झकास! असाच!" त्याचा आवाज फाटला, तरी तो थांबला नाही. आणि दोन चेंडूंच्या मध्ये, आमच्याकडे पाठ असताना, तो हळू आवाजात स्वतःशी बोलत होता, "पाय हलव, तोगुची. पाय हलव."



"हा रोजच असा ओरडत असेल का?" फुसाएने सायोला विचारले.

"कोण जाणे, काकू. आपल्याला कधी ऐकूच आलं नाही."

डाव पालटला. आमचे दोन खेळाडू बाद झाले आणि तोगुची बॅट घेऊन उभा राहिला. कोणी टाळीसुद्धा वाजवली नाही. फुसाएने गवसणीची दोरी सोडली.

"वहिनी, ठरलंय आपलं," निशिहाता म्हणाला.

"ठरलंय खरं."

"मग गवसणी बांधा. बांधत नसाल, तर पुढच्या सामन्याला आमच्यात बसू नका."

तिचा चेहरा उतरलेला मी पाहिला. बारा-पंधरा ओळखीची तोंडे तिच्याकडे बघत होती. ज्यांनी तिचे दुकान चालवले, तीच ही माणसे.

"बरं," ती म्हणाली, "लांब बसेन. पण तो तिकडे एकटाच ओरडतोय, भाऊ. ते ऐकल्यावर मला नाही गप्प बसवत."

आणि तिने काठ्या उचलल्या.

मित्रांनो, माझा आवाज त्या दिवशी काही चांगला नव्हता. कातडे ढिले होते, भिजलेल्या पोत्यावर मारावे तसा मी वाजलो. पण तोगुचीचा ठेका होता, त्यात चूक नव्हती. निशिहाता ताडकन उठला आणि जिना उतरून निघून गेला. मागून कोणी चुरगाळलेला कागदी पेला फेकला, तो माझ्या कडेला लागून पडला. तोगुचीने बॅट खाली केली आणि क्षणभर आमच्या दिशेने पाहिले. मग पुन्हा उभा राहिला.

तुम्हाला वाटेल, त्याने चेंडू कुंपणापलीकडे पाठवला. नाही. चेंडू उंच उडाला आणि झेलला गेला.

फुसाए थांबली नाही. आठव्या डावात आमच्या खेळाडूंसाठी तिने एकटीने ठेका धरला. पाऊस वाढला. माझ्या तोंडावर पाणी साचू लागले, आवाज आणखी खोल गेला. तेवढ्यात माझ्यावर एकदम सावली आली. वर पाहतो तर निशिहाता. त्याने स्वतःचा रेनकोट काढून दोन्ही हातांनी माझ्यावर ताणून धरला होता.

"मी वाजवत नाहीये," तो कोणालाही न बघता म्हणाला. "ढोल मंडळाचा आहे. भिजायला नको, म्हणून धरलाय."

"घट्ट धरा मग," फुसाए म्हणाली.

थोड्या वेळाने सायोने कर्णा ओठांना लावला. चारदोन जणांनी टाळ्या धरल्या. बाकीचे बसूनच राहिले, तो त्यांचा हक्क होता. आमच्या दोन धावा आल्या. नवव्या डावात माझे एक तोंड फाटले. ते दुखले की नाही, हे आता आठवत नाही. फुसाए मग माझ्या लाकडी कडेवरच काठ्या आपटत राहिली.

पाच विरुद्ध तीन. सलग पंधरावा सामना आम्ही हरलो.

खेळाडू नेहमीप्रमाणे ओळीने आमच्या समोर आले आणि वाकले. सगळ्यात शेवटी तोगुची वर झाला. तेव्हा निशिहाता, जो नऊ डाव तोंड बंद ठेवणार होता, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, कठड्यावर ओणवून ओरडला, "मंगळवारी लवकर ये आणि उंच चेंडूंचा सराव कर, गाढवा!"

"हो!" खालून फाटक्या आवाजात उत्तर आले.

जिन्यात निशिहाताने फुसाएला अडवले. "ठरलेलं मोडलंत, वहिनी. एक महिना काठ्या मिळणार नाहीत."

"ढोलच फुटलाय. काठ्या घेऊन मी काय टोफू ढवळू?"

"आणि... बसायचं आमच्यातच. ते मी रागात बोललो."

मंगळवारी पाणकावळे जिंकले. तेव्हा मी मैदानात नव्हतोच. नवे कातडे घालून घ्यायला मी डोंगरातल्या कारागिराच्या मुलाकडे उलटा पडलो होतो. त्याच्या रेडिओवर मला बातमी कळली, आणि तोगुचीने एक उंच चेंडू झेलला हेही कळले. माझ्यामुळे संघ जिंकला, असे मी कधीच म्हणणार नाही. त्या वर्षी सहा संघांत आम्ही पाचवे आलो.

मित्रांनो, तुमच्या घरात, देवळात, शाळेत जुनी वाद्ये असतील. त्यांच्यावर पोती रचू नका. पावसाळ्यात त्यांना कोरडी जागा द्या, अधूनमधून हात लावा. वाद्याला अबोला सोसत नाही, आणि माणसालाही नाही. तुमच्या ओळखीत कोणी हरत असेल, रोज हरत असेल, तर तो जिंकेपर्यंत वाट पाहू नका. तुमचा आवाज बसलेला असला तरी चालेल.

मी शेकडो सामने पाहिले. संघ तिसरा आला त्या वर्षीही मी वाजलो होतो. पण मला कोणी विचारले, की तुझा सगळ्यात चांगला दिवस कोणता, तर मी पंधराव्या पराभवाचा दिवस सांगतो. मंगळवारी जिंकलेल्या सामन्याला मी नव्हतो, याचे मला मुळीच वाईट वाटत नाही. जिंकलेल्यांजवळ तेव्हा सगळे गाव होते.