गिऱ्हाइकाची खुर्ची

माझा जोडीदार बेकरीत पाव भाजतो आणि मी घरातल्या पुढच्या खोलीत खुर्च्यांना गाद्या बसवतो. शनिवारी संध्याकाळी तो आपला फोन मैद्याच्या डब्यात पुरून ठेवतो. पूर्वी त्याच वेळी मित्रांचे निरोप यायचे, मग कुणाच्या तरी घरी नशेची पावडर आणि रविवारभर अंथरूण. पावडर ओढल्याशिवाय पुरुषासमोर शर्ट काढायचा त्याला धीरच होत नसे. "आता चहावरही जमतं," असं हल्ली तोच म्हणतो.

पण शेवटच्या त्या बैठकीत काय झालं, ते त्याला आठवत नव्हतं. आम्ही निरोध कधी चुकवला नाही, तरी मन खात होतं. रक्ततपासणीचं नाव काढलं की महाशयांना भट्टी आठवे.

गेल्या शनिवारी बाजारातून आलो, तर डबा उघडा, फोन नाही, तोही नाही. मी रागीट माणूस. गेला परत त्यांच्यात, असं म्हणत वाकडेतिकडे खिळे ठोकत बसलो. खरं तर पाचावर धारण बसली होती.

अंधार पडायच्या आत माझी ताई दारात उभी. मागे तो. दोघांच्याही हाताला कापसाची पट्टी.

"ओरडू नकोस," ताई म्हणाली. "तपासणीला गेलो होतो. हा दारातूनच परत फिरायला लागला, म्हणून आधी मीच हात पुढे केला."

"मला का नाही सांगितलंस?" मी त्याला विचारलं.

"तू मिठी मारली असतीस आणि मी घरीच राहिलो असतो. ताई रागावतात, मग माझे पाय उचलतात."

एचआयव्ही नव्हता. सिफिलिस निघाला, नुकताच झालेला. डॉक्टरांनी लगेच कमरेखाली इंजेक्शन दिलं होतं.

"सोमवारी तुझी पाळी," ताई म्हणाली. "आणि डॉक्टर सांगेपर्यंत अंथरुणं वेगळी."

माझा जीव भांड्यात पडला. रडू आलं, ते मी लपवलं नाही.

त्याने फोन पुन्हा मैद्यात कोपरापर्यंत खुपसला आणि झाकण लावलं. मग नुसताच उभा राहिला, बसवेना त्याला. गिऱ्हाइकाची आरामखुर्ची तयार होती, काळी मखमल, नवी गादी. तिच्यावर कुणी बसायचं नाही, हा माझा नियम. ताईलासुद्धा मी उठवलं आहे.

"बस," मी म्हणालो.

"हात पिठाचे आहेत."

"बस म्हटलं ना."

तो एका बाजूने हळूच टेकला आणि दोन्ही हात मखमलीवर ठेवले. ताईने माझ्याकडे पाहिलं. मखमल झाडायचा ब्रश शेजारीच होता, तो तसाच ठेवून मी चहा टाकायला गेलो.