चोरतार

गाडीच्या बॉनेटची केबल तुटली आणि बॉनेट बंद राहिलं की भले भले हात टेकायचे. कुणी पहार शोधायचा, कुणी पत्रा कापायची भाषा करायचा. मग कुणाला तरी मिस्त्री आठवायचे. मिस्त्री यायचे, गोणपाट अंथरून गाडीखाली शिरायचे, आकडा केलेली सळई आत सरकवायचे आणि समोर ठेवलेला चहा निवायच्या आत ‘टक्’ असा आवाज यायचा. "पत्रा कापणारे सगळे कसाई," एवढं बोलून ते चहा प्यायचे आणि चालू लागायचे.

त्यांच्या गॅरेजात नियम एकच. बॉनेट उघडं असतानाच त्याला अडकवणाऱ्या खटक्यात स्क्रू ड्रायव्हर दाबून खटका बंद करायचा, मग आत बसून हॅंडल ओढायचं. खटका सुटला तरच बॉनेट खाली घ्यायचं. शिवाय नवी केबल घातली की तिच्या जोडीला एक बारीक तार खटक्यापासून चाकामागे लपवून सोडायची. केबलने दगा दिलाच तर ही ओढायची. तिला ते चोरतार म्हणत. लेक सोळा वर्षांची असताना एकदा न तपासता बॉनेट आपटून मोकळी झाली, तेव्हा मिस्त्रींनी तिला आठ दिवस नुसता झाडू मारायला लावला होता. आता ती चाळिशीला आली होती, गॅरेज तीच चालवत होती, पण बॉनेट लावताना तिचा हात आधी स्क्रू ड्रायव्हरकडेच जायचा.

गेल्या वर्षापासून मिस्त्री विसरायला लागले. आधी पान्हे, मग माणसांची नावं, मग आपण जेवलो की नाही ते. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो दाखवून सगळं समजावलं. लेकीला ते तिथेच कळलं, थोरल्या भावाला फोनवर कळलं आणि मिस्त्री कळलेलं घरी पोचेपर्यंत विसरून गेले.

भावाचं म्हणणं, बाबांना माझ्याकडे पाठव. दहाव्या मजल्यावर मोठी खिडकी आहे, ऊन येतं, बसतील निवांत.

"खिडकीत बसायला मी काय कुंडी आहे?" मिस्त्री म्हणाले होते. पण न्यायाला ते पक्के. त्यांनी लेकीला समोर बसवलं आणि म्हणाले, "हे बघ, ज्या दिवशी माझ्या हातून बॉनेट अडकेल, त्या दिवशी गॅरेजच्या चाव्या मी स्वतः तुझ्या हातात देईन. मग ठेवा मला कुठल्या खिडकीत ठेवायचं तिथे. तोवर मला इथून कुणी हलवायचं नाही. शब्द म्हणजे शब्द."

हा शब्द मात्र ते विसरले नव्हते. त्यामुळे लेकीच्या जिवाला घोर लागलेला असायचा. त्यांनी हात लावलेली प्रत्येक गाडी ती गुपचूप पुन्हा तपासायची. सापडलेल्या चुका निस्तरायची आणि भावाला काही सांगायची नाही.

एका शनिवारी सकाळी दंतवैद्यांची जुनी लाल स्पोर्ट्स कार आली. दोनच माणसं बसतील एवढी गाडी आणि त्यातलं निम्मं नुसतं नाक. बॉनेटच्या बिजागऱ्या पुढे आणि काचेजवळ डावा-उजवा असे दोन खटके, दोन्ही एकाच हॅंडलवर. डावा कोपरा बोटभर वर राहायचा, वेगात खडखडायचा आणि हॅंडल तर दोन्ही हातांनी ओढावं लागायचं.

"माझ्या पेशंटच्या दाढा याच्याहून सहज निघतात," दंतवैद्य म्हणाले. "काम मिस्त्रींच्याच हातचं हवं बरं का. रविवारी लांब न्यायची आहे."

लेक पान्हा घ्यायला पुढे झाली. पण मिस्त्रींनी बाह्या सारल्या होत्या.

काय सांगावं त्या दुपारपर्यंतच्या कामाचं! त्यांनी जुनी केबल बाहेर काढली, गुंडाळी केली, चिठ्ठी बांधली, ‘जुनी’. काढलेल्या तारेला चिठ्ठी बांधायची त्यांची सवयच होती. नवीचं माप तिच्यावरून घ्यायचं. मग नवी तार ग्रीसमधून ओढून नळीत सरकवली. डाव्या खटक्यात अडकणाऱ्या बॉनेटच्या खिळीचा नट सैल करून खिळी दोन आटे आत घेतली, बॉनेट अलगद टेकवून फटीवर नख फिरवलं, मान हलवली, अजून अर्धा आटा घेतला आणि नट आवळला. चाकामागे चोरतार सोडली. शेवटी डाव्या खटक्यात स्क्रू ड्रायव्हर दाबला, आत बसून एका बोटाने हॅंडल ओढलं. टक्. मग उजवा. टक्.

"बघतेस काय? पास की नापास?" त्यांनी विचारलं. म्हणजे लेक मागून तपासते हे त्यांना ठाऊक होतं.

"पास, बाबा," ती म्हणाली आणि तिला रडूच आलं. कितीतरी महिन्यांनी तिला आशा वाटली. डॉक्टर काय, चुकतातही.

जेवण झाल्यावर ती मागच्या खोलीत गेली आणि भावाला फोन लावला. "दादा, तू बुधवारी बाबांना न्यायला येऊ नकोस. अरे, आज बघायला हवं होतंस तू त्यांना. हात जरासुद्धा थरथरला नाही. त्यांना इथेच राहू दे." भाऊ आढेवेढे घेत होता, ती हट्टाला पेटली होती. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. शेवटी तो म्हणाला, "बरं, तू म्हणतेस तर." ती हसतच बाहेर आली.

बॉनेट लावलेलं होतं. मिस्त्री हात पुसत होते.

"झालं गं काम."

तिने सहज, केवळ त्या ‘टक्’च्या आनंदासाठी हॅंडल ओढलं. हॅंडल कशालाही न अडता हातात आलं. त्याच्या मागे काहीच नव्हतं.

टेबलावर आता तीन गुंडाळ्या होत्या. एक सकाळची, गंजलेली. दुसरी नव्या ग्रीसने चकचकणारी, तिच्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: ‘जुनी’. तिसरी बारीक: ‘जुनी चोरतार’. लेकीला सगळं कळलं. जेवून आल्यावर त्यांना खटक्यात तार दिसली, आणि ही काढायची राहिलीच की, असं वाटून त्यांनी ती नीट, निगुतीने काढली. मग खटके स्वच्छ दिसले, काम संपल्यासारखं वाटलं, बॉनेट लावून टाकलं.

तिने घाईघाईने दोन्ही नव्या गुंडाळ्या एप्रनच्या खिशात कोंबल्या. "बाबा, हे बॉनेट अडकलंय. उघडता का जरा?"

मिस्त्रींचा चेहरा उजळला. "गोणपाट आण."

सत्तरी ओलांडलेला माणूस, पण सरपटत गेले गाडीखाली. आकड्याची सळई वर गेली, थोडी चाचपली, थांबली. टक्. मग दुसऱ्या बाजूने. टक्. दहा मिनिटंही लागली नाहीत. लेकीने बॉनेट उचललं तेव्हा ते आत डोकावले आणि भडकले.

"अगं, इथे केबलच नाही! चोरतार नाही! कुठल्या गाढवाने न तपासता बॉनेट लावलं हे? असल्या माणसाला गॅरेजच्या दारात उभं करू नये. आज तार विसरला, उद्या दुसऱ्या एखाद्या गाडीच्या खिळीचा नट सैल ठेवील आणि भर वेगात बॉनेट उडून काचेवर येईल. माणूस मरेल एखादा! कोण होता तो?"

लेकीने सळई उचलून पुसायला घेतली. तिच्या मनात तेच भय कधीचं होतं, फक्त त्यांच्याइतकं स्वच्छ तिला कधी बोलता आलं नव्हतं.

"बरं, जाऊ दे. नवी केबल दे, घालून टाकतो."

तिने खिशातून गुंडाळी काढून दिली. चिठ्ठी काढायचं भान तिला राहिलं नाही.

मिस्त्रींनी तार बोटांवर चोळली. ताजं ग्रीस. मग चिठ्ठी उलगडली. आपलं अक्षर ते बराच वेळ बघत राहिले. मग स्टुलावर बसले.

"तू मला सांगणार नव्हतीस?"

"नाही."

"दंतवैद्यांना तरी?"

"नव्हते सांगणार. बाबा, मी रोज तपासत जाईन. प्रत्येक गाडी. तुम्ही काम करा, मी..."

"माझ्या मागे जन्मभर झाडू मारशील?" त्यांनी शर्टाच्या खिशातून चाव्या काढल्या, तिची मूठ उघडली आणि त्यात ठेवल्या. "शब्द म्हणजे शब्द. दादाला कळव." त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता. केबल त्या संध्याकाळी लेकीने घातली. ते शेजारी बसून बघत होते आणि त्यांनी एकदाही मध्ये हात घातला नाही.

रविवारी सकाळी सातला मिस्त्री अंघोळ करून, कामाचा निळा शर्ट घालून दारात उभे. खिसे चाचपत होते.

"माझ्या चाव्या कुठे गेल्या गं?"

लेकीने खरं सांगितलं. ते हादरले. "माझ्या हातून?" तिने चिठ्ठी दाखवली. पुन्हा तसेच खाली बसले, पुन्हा डोळे भरले, पुन्हा म्हणाले, "शब्द म्हणजे शब्द." सोमवारी हेच. मंगळवारी हेच. गुन्हेगारालासुद्धा एका गुन्ह्याची शिक्षा एकदाच सांगतात. इथे तिला ती रोज सकाळी चहाच्या आधी स्वतःच्या बापाला सांगावी लागत होती आणि तो दर वेळी ती पहिल्यांदाच ऐकत होता.

बुधवारी ते दारात उभे राहिले. निळा शर्ट. खिसे.

"माझ्या चाव्या कुठे गेल्या गं?"

लेकीने चिठ्ठी फाडून टाकली होती. "हरवल्यात वाटतं, बाबा," ती म्हणाली. "शोधूया."

मिस्त्री लगेच गुडघ्यांवर आले आणि पलंगाखाली शिरले. "बॅटरी दे. ते पायपुसणं झटक. टेबलाचा मागचा खण बघ." तिने पायपुसणं झटकलं, खण उघडला. चाव्या तिच्या एप्रनच्या खिशात होत्या आणि ती वाकली की वाजत होत्या. तिने त्या मुठीत दाबून धरल्या.

बाहेर भावाची गाडी थांबली. दार लागल्याचा आवाज आला.

"कोण आलंय? त्याला म्हणावं, थांब जरा," मिस्त्री पलंगाखालून म्हणाले. "आत्ता गॅरेज उघडतो. माझ्या हातून आजवर काही अडकून राहिलेलं नाही."

"हो, बाबा," ती म्हणाली आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून शोधायला लागली.