तिसरी खेप

मी मल्हारी, राहू गावचा. माझं डोकं गरम, हे सगळ्या दौंड तालुक्याला म्हाईत हाय. भाची धनश्रीच्या लग्नात मला फेटा सगळ्यांच्या मागनं बांधला, म्हणून मी रुसलो आन् मांडवाबाहेर लिंबाखाली जाऊन बसलो. भटजी 'मुलीचे मामा' म्हणून हाका मारून दमले. नवरीमागं उभं राहायचा मान माझा, पण शेवटी दुसऱ्याच कुणाला उभं केलं. माझी बहीण कुशाबाई, धनश्रीची आई, निमोण्याला दिलेली. तिनं त्या दिवसापासनं माझ्याशी बोलणं टाकलं.

हे सारं मी पेणकरकाकांना सांगितलं. एझ्रा पेणकर, दौंडला रेल्वेत होते. बेने इस्रायली, म्हंजी ज्यू. शनिवारी घरात गॅससुद्धा पेटवत न्हाईत. ते म्हणाले, "आमच्यात वर्षातनं एक मोठा उपास असतो. त्या दिवशी देव त्याच्याशी केलेले गुन्हे माफ करतो. माणसाशी केलेला गुन्हा मात्र त्या माणसानंच माफ करायचा. तीनदा जा, मल्हारी. तीनदा माफी मागूनही नाही मिळाली, तर तू मोकळा."

दोनदा गेलो. दोन्ही खेपेला कुशानं तोंडावर दार लावलं. मग मात्र मी कच खाल्ली. तिसऱ्यांदाही दार लागलं तर मी मोकळा, आन् बहीण कायमची तुटली. मला असलं मोकळं व्हायचं नव्हतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत चार वर्षं काढली. औंदा जानेवारीत कुशा गेली.

काका म्हणाले, "माणूस गेला, तर दहा जणांना घेऊन कबरीवर जायचं आणि तिथं माफी मागायची."

कबर कुठनं आणू? राख भीमेत सोडलेली. शेवटी नदीवरच गेलो. भावकीतले आठ, काका नववे, दहावी धनश्री. काकांच्या जुन्या रिवाजात बाया मोजत न्हाईत, पण काकांनी तिलाही मोजलं.

पाण्याकडं तोंड करून म्हणालो, "कुशे, चुकलो गं."

पाणी आपलं वाहत राहिलं.

धनश्री हळूच म्हणाली, "मामा, आई म्हणायची, दोनदा आलाय, आणखी एकदा आला की दार उघडीन. दर भाऊबीजेला तुमचा पाट मांडून ठेवायची."

मी तिच्यापुढं हात जोडले. "तू तरी माफ कर, पोरी."

"माझ्यामागं उभं न्हाई राहिलात, ते मी कवाच माफ केलं. आईचं मी कसं म्हणू?"

मी काकांकडं बघितलं. सगळे नियम ठाऊक असलेला माणूस, पण तोही खाली वाळूकडं बघत उभा होता.