नमुना नापास व्हावा म्हणून

प्रयोगशाळेत मला पाठीमागे नापासबाई म्हणतात. पाठीमागे म्हणजे दोन टेबलं पलीकडे, त्यामुळे मला ते स्वच्छ ऐकू येतं. औषधी अळंबीच्या कॅप्सूल तपासायच्या आणि बाटलीवर लिहिलंय ते खरोखर आत आहे की नाही ते सांगायचं, हे माझं काम. बावीस वर्षं करतेय. तीनातली एक बाटली मी परत पाठवते आणि त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. लोकांच्या दुखण्यावर पोळी भाजून घेणाऱ्यांची कसली कीव करायची?

तर, बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायचं होतं. नंबर लागायला अकरा महिने गेले होते. बाबांनी चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवली, पोती उचलून उचलून खुबा गेला असं ते सांगतात. आता वहिनीच्या खांद्यावर हात टाकल्याशिवाय त्यांना खुर्चीतून उठता येत नव्हतं. दादा जहाजावर, वर्षातून दोनदा घरी. मी माझ्या नोकरीत. म्हणजे बाबांना उठवणं-बसवणं, आंघोळीला नेणं सगळं वहिनीच्या अंगावर, आणि तिने कधी तोंडातून ब्र काढला नव्हता.

शेवटच्या तपासणीला आम्ही तिघं भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंसमोर बसलो होतो.

"या गोळ्या सोडून आणखी काही घेता का, आजोबा?"

बाबा छताकडे बघायला लागले. वहिनीने मात्र पर्समधून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. "ही अळंबीची कॅप्सूल देतेय मी. रोज दोन. तीन महिने झाले. आज सकाळीही दिली."

डॉक्टरीणबाईंनी लेबल वाचलं आणि पेन खाली ठेवलं. "या अळंबीने रक्त पातळ होऊ शकतं. उद्या मला यांच्या पाठीच्या कण्यात सुई घालायची आहे. तिथे आत रक्त साचलं तर दोन्ही पाय जातील. पुढची तारीख घ्या."

"केव्हाची मिळेल?"

"चार महिन्यांनंतरची."

बाबांनी बोलायला तोंड उघडलं, वहिनीकडे पाहिलं आणि परत मिटलं. वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला काय वाटलं ते खरंच सांगते: मला तिचा संताप आला. ज्या घरातली बाई जगभरच्या असल्या बाटल्या तपासते, त्याच घरात तिच्या नकळत ही बाटली?

"अगं, मला एका शब्दाने तरी विचारायचंस!"

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, ताई," ती हळूच म्हणाली. "आणि बाबा कळवळायचे हो. मला ते बघवत नव्हतं."

तिचंही खरं होतं. मी नको म्हटलं असतं, आणि पुन्हा नोकरीवर निघून गेले असते.

मी बाटली उचलली. लेबल फार देखणं होतं. सोनेरी अक्षरं, मागे डोंगर, खाली एका अळंबीचं चित्र. "डॉक्टर, आत अळंबी आहे असं ही बाटली म्हणते. बाटल्या तपासणं हेच माझं काम, त्या काय काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

त्यांनी मला नीट निरखलं. "पाच वाजेपर्यंत लेखी अहवाल आणा. तुमची सही चालणार नाही. यांच्या रक्ताची तपासणी मी करून घेतेच, पण नुसत्या तेवढ्यावर मी सुई उचलणार नाही. दुसरं कुठलं औषध आत मिसळलेलं नाही, तेही लिहून हवं."

घरचा नमुना स्वतः तपासायचा नाही हा आमच्याकडचा नियम. केलाय मीच, आणि त्या पायी दोघातिघांशी भांडलेय. त्यामुळे मी बाटली नोंदणीत दिली, तिच्यावर आकडा पडला आणि ती गेली भिंगकाकूंच्या टेबलावर. भिंगकाकू आमच्याकडे सगळ्यांत जुन्या. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसतात, म्हणून हे नाव. नमुना कुणाचा ते त्यांना माहीत नव्हतं. तातडीचा आहे एवढंच कळलं होतं.

मी माझ्या टेबलाशी बसले आणि तिकडे बघायचं नाही असं ठरवून तिकडेच बघत राहिले. काकूंनी चिमूटभर भुकटी काचेवर घेतली, आयोडीनचा थेंब टाकला. अळंबी असेल तर भिंगाखाली बारीक तंतू आणि तपकिरी बीजाणू दिसतात. पिठाचे कण असतील तर ते आयोडीनने काळेनिळे होतात. काकूंच्या तोंडावरून काही कळेल तर शपथ. मग त्यांनी काचपट्टीवर खऱ्या अळंबीच्या अर्काशेजारी या भुकटीच्या अर्काचा ठिपका दिला आणि पट्टी द्रावणात उभी केली. भुकटीत अळंबी असेल तर दोन्ही ठिपक्यांतून सारख्याच रंगांची रांग वर चढते. उरलेली भुकटी दुसऱ्या औषधांच्या तपासासाठी यंत्रावर गेली. त्याला दोन तास तरी लागणार होते.

बावीस वर्षांत एखाद्या नमुन्याने पास व्हावं की नापास व्हावं, असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मी तेवढा कोडगेपणा कमावलाय. त्या दुपारी मात्र मी देव पाण्यात घालून बसले होते की माल बनावट निघू दे. ते सोनेरी लेबल मात्र राहून राहून डोळ्यांसमोर यायचं. कधी नव्हे ती एखादी कंपनी प्रामाणिक असते, आणि ती नेमकी आपल्याच वाट्याला आली तर?

साडेतीनला भिंगकाकू कागद घेऊन आल्या. चेहरा आंबट.

"अगं, काय ही लबाडी! अळंबीचा एक तंतू नाही. बीजाणू नाही. काचपट्टीवर अर्काची रांग कोरी. शुद्ध तांदळाचं पीठ आहे, वर जळक्या साखरेचा रंग."

"दुसरं काही औषध?"

"शून्य. यंत्राला काही सापडलं नाही. औषध घालायलाही खर्च येतो ना, तोही केला नाही मेल्यांनी. कुणीतरी बिचारा विश्वासाने खात असेल गं!"

मी उठले आणि काकूंना कडकडून मिठी मारली. दोन टेबलं पलीकडच्या माना वळल्या. नापासबाईंना हसताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं, आणि वर मी रडतही होते.

"तो बिचारा माझा बाप आहे," मी म्हटलं. काकूंना काही उमजेना, पण सही त्यांनी ठसठशीत केली.

पावणेपाचला अहवाल डॉक्टरीणबाईंच्या हातात होता. रक्ताची तपासणीही चोख आली होती. त्यांनी कागद दोनदा वाचला. "एवढा वाईट अहवाल बघून मला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बाबांना आत नेलं, साडेदहाला शल्यचिकित्सक बाहेर येऊन म्हणाले की सगळं नीट झालं, रक्तही बेताचंच गेलं. सुटले!

दुपारी बाबा चांगले जागे झाले. वहिनी चहा आणायला खाली गेली होती. मी त्यांना काकूंचा अहवाल रंगवून रंगवून सांगितला.

"तांदळाचं पीठ," बाबा म्हणाले. "जुन्या तांदळाचं. दळण जाडसर होतं, गिरणीचा दगड गुळगुळीत झाला असणार, त्याला टाकी लावायला हवी."

"ते तुम्हाला काय ठाऊक?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी कॅप्सूल घशात अडकायला लागली, म्हणून फोडून जिभेवर घेतली. जन्म पिठात गेला माझा. मला कळणार नाही?"

"बाबा!" माझा आवाज चढला. "मग काल डॉक्टरांसमोर दातखीळ बसली होती का? माझा जीव अर्धा झाला. तारीख गेली असती!"

"गेली असती तर चार महिने आणखी काढले असते." त्यांनी दाराकडे पाहून आवाज उतरवला. "तीन महिने ती मला रोज दोन वेळा पाण्याचा पेला घेऊन ते देते. दिलं की माझ्या तोंडाकडे बघत उभी राहते. अकरा महिने मला उचलतेय. परक्या माणसासमोर सांगू, की पोरी, तुला पीठ विकलंय? शिवाय तू बाटली घेऊन निघालीस ना. म्हटलं, आता काळजी नाही."

मला त्यांना रागवायचं होतं, चांगलं खडसावायचं होतं. त्याऐवजी मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

वहिनी चहा घेऊन आली. अहवालातलं तिला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं, आणि तेव्हापासून ती कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हती. तिने कप ठेवले आणि खाली मान घालून म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला तीन महिने नुसतं पीठ चारलं."

"असेल," बाबा म्हणाले. "पण घेतलं की मला बरं वाटायचं हं. खरंच सांगतो."

वहिनीने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं. असं काही होऊ शकतं का, हे तिला माझ्याकडूनच ऐकायचं होतं. दुसऱ्या कुणी माझ्यासमोर हा दावा केला असता तर मी पुरावा मागून त्याला सळो की पळो करून सोडलं असतं.

"होतं तसं," मी म्हटलं, आणि वहिनीला माझ्याजवळ बसायला जागा करून दिली.