खाणीच्या परवान्याची शर्त

विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावच्या झोनिंग बोर्डाचा, म्हणजे कुठल्या जागेवर कोणता धंदा चालेल ते ठरवणाऱ्या मंडळाचा, मी अकरा वर्षं अध्यक्ष आहे. लोकांना वाटतं, आमच्या हातात फार सत्ता आहे. कोणी कुत्र्यांचं पाळणाघर काढायचं म्हटलं, की शेजारीपाजारी मला रस्त्यात गाठून सांगतात, "लोवेल, नाही म्हण." अरे बाबांनो, नाही म्हणणं एवढं सोपं असतं, तर या गावात एक चर्च आणि चार गोठे एवढंच उरलं असतं. अर्जदारानं नियमातल्या अटी पुऱ्या केल्या, की सशर्त परवाना द्यावाच लागतो. वर आपली एखादी शर्त घालायची, तर तिच्यामागे पुरावा हवा. कोणाला काय वाटतं, कोणाला कसली भीती आहे, हा पुरावा होत नाही.

त्या मंगळवारी संध्याकाळी जुन्या खाणीचा अर्ज होता. पन्नासेक वर्षं पाण्यानं भरून पडलेली ती खाण एका खडी कंपनीला यंत्रानं तळापासून उपसायची होती. कागदपत्रं चोख होती. बोलणाऱ्यांच्या यादीत गावातलं एकच नाव होतं, व्हर्ना टॉलेफसन, वय पंच्याऐंशी. ते नाव वाचून मी यादी पालथी ठेवली.

ती काठी टेकत साक्षीच्या खुर्चीपर्यंत आली आणि शपथ घेऊन बसली.

"परवाना खुशाल द्या," ती म्हणाली. "खडीशी माझं भांडण नाही. फक्त आधी पाणबुडे उतरवा. माझा कर्टिस तळाशी आहे. यंत्र खाली गेलं, की खडीबरोबर त्याचाही चुरा होईल."

कर्टिस तिचा एकुलता एक मुलगा. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, ऑगस्टमधल्या एका दुपारी तो नाहीसा झाला, तेव्हा चौदा वर्षांचा होता. आईशी भांडून पळाला, असं गाव मानतं. कारण त्याच्या मित्रानं शेरीफला सांगितलं होतं, की तो हमरस्त्यावर ट्रकला हात दाखवत उभा होता. तो मित्र मी.

"तो तिथे आहे हे कशावरून, टॉलेफसनबाई?" आमच्या बोर्डाची वकील पॉलीन हिनं हळूच विचारलं.

"माझ्या परसातून खाण दिसते. दुपारचा काठावर उभा असतो. अंगातून पाणी गळत असतं."

मागे कोणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं. माझ्या शेजारचा सदस्य आर्लेन टोपी डोळ्यांवर ओढत पुटपुटला, "झालं म्हातारीचं सुरू. आता त्याचीही साक्ष घ्यायची का?"

मला हसू आलं नाही. मलाही तो दिसतो. गाडीच्या आरशात, मागच्या सीटवर, केस कपाळाला चिकटलेले. थांबून सीटला हात लावावा तर ती कोरडी असते. तो रस्ता टाळायला मी सात मैलांचा वळसा घालतो, आणि वळशावरही तो असतोच.

"मला खरंच वाईट वाटतं," पॉलीन म्हणाली. "पण एवढ्यावर शर्त घातली, तर कंपनी कोर्टात जाईल आणि कोर्ट ती उडवून लावेल. तो बुडताना कोणी पाहिलेलं हवं."

"घे मत, लोवेल, आणि सोड एकदाचं घरी," आर्लेन म्हणाला.

मी मतदान पुकारायला हातोडा उचलला. मग पॉलीनकडे वाकून विचारलं, "अध्यक्षालाच काही माहीत असेल तर?"

"ते त्या खुर्चीत बसून चालत नाही. खुर्ची सोडायची, मत सोडायचं, आणि समोर जाऊन शपथेवर सांगायचं." ती माझ्याकडे बघत राहिली. "आहे का काही?"

नाही म्हणायची मला चव्वेचाळीस वर्षांची सवय होती. पण कर्टिस आता आईच्या खुर्चीमागे उभा होता, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. मी हातोडा आर्लेनच्या हातात दिला.

"आता हे काय नवीन?" तो म्हणाला.

व्हर्ना उठून पहिल्या रांगेत बसली. मी तिच्या जागी बसून शपथ घेतली.

"आम्ही दोघं पोहायला गेलो होतो. कड्यावरून उडी मार म्हणून मीच त्याला डिवचलं. खाली बुडालेल्या तारांत त्याचा पाय अडकला. डोकं वर काढायचा, मला हाक मारायचा, पुन्हा खाली जायचा. मी घाबरून पळालो. ट्रकची गोष्ट मी रचली."

कोणी खोकलं नाही.

"कुठल्या कड्याखाली?" पॉलीननं विचारलं.

"उत्तरेच्या."

तिनं ते लिहून घेतलं. "शर्त घालायला एवढं पुरेसं आहे," ती मान वर न करता म्हणाली.

व्हर्ना काठीवर भार देत उभी राहिली. "मी एक विचारू का?"

आर्लेननं टोपी काढली आणि होकारार्थी मान हलवली.

"किती वेळ हाका मारत होता, लोवेल?"

"याचं उत्तर द्यायलाच हवं असं नाही," पॉलीन मला म्हणाली. शर्तीला त्याची गरज नव्हती. पण मी शपथेवर होतो.

"बराच वेळ," मी म्हणालो. "मी हमरस्त्याला लागेपर्यंत ऐकू येत होतं."

व्हर्नानं दोन्ही हात काठीवर टेकवले.

"मी परसातच होते," ती म्हणाली. "कपडे वाळत घालत होते. रेडिओ लावला होता मी."