पाहुण्यांच्या खोलीतली जाळी

नीट ठेवलेली जाळी माणसापेक्षा जास्त टिकते, असं तिचा नवरा छातीठोकपणे सांगे. म्हणून घरातली सगळ्यांत कोरडी, अंधारी खोली जाळीला मिळाली आणि पाहुण्यांना ओसरी.

सुक्या गवताचा गोल गठ्ठा सुटू नये म्हणून यंत्र त्याला ही जाळी गुंडाळतं. उन्हाने ती ठिसूळ होते, कडा दुखावल्या की फाटते. त्यामुळे चांगला रोल मूळ पिशवीत, फळीवर आडवा, वरून रजई. नख्यांत धागे अडकायला नकोत म्हणून मांजराची रवानगी शेजाऱ्याकडे झाली.

"मला कधी रजई पांघरलीत?" भर उन्हात ट्रॅक्टर चालवून आलेल्या तिने विचारलं.

"तू कुठे ठिसूळ होतेस!"

गुरांची वर्षाची बेगमी शेतात वाळून पडली होती आणि मावळतीला आभाळ काळं झालं, तेव्हाच यंत्रातला रोल संपला. नवरा खोलीतला रोल तान्ह्या बाळासारखा घेऊन आला. पिशवी उतरवली. खालच्या बाजूने उंदराने घर केलं होतं.

"वरचेच पदर गेलेत गं. आत चांगली असेल."

भोक एकच होतं, पण आरपार. जाळी ओढत जावी तसं ते हातभर अंतरावर पुन्हा हजर. तरी रोल चढवला. पहिला गठ्ठा बाहेर पडला आणि हातपाय पसरून बसला. दुसऱ्याने तेवढीही तसदी घेतली नाही.

ती शेजारी धावली. "भावजी, एक रोल द्या हो!"

"न्या की वहिनी, ट्रॅक्टरखाली पडलेत. पण माझं यंत्र लहान. तुमच्यात बसायचा नाही."

तिने तरी आणला. बसला नाही. नवऱ्याने तो उलटा लावून पाहिला. उलटाही बसला नाही. टपोरे थेंब सुरू झाले, तशी दोघं ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये चढली. काच पुसण्याखेरीज करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"खोली कोरडी होती ना?" नवऱ्याने विचारलं.

"ठणठणीत."

"मग शेजाऱ्याच्या उघड्या रोलला उंदीर कसे लागत नाहीत?"

"वर मांजर झोपतं."

"कुणाचं?"

"आपलं."

गवत सगळं भिजलं.