तेलातला ओळंबा

विमानवाहू जहाजाच्या आराखड्यात वजनमास्तरांनी आठशे टन राखून ठेवले होते. पुढेमागे कुणाला काही वाढवावं लागलं तर असावेत, म्हणून. ही गोष्ट कचेरीत फुटली आणि लोक त्यांच्या टेबलाशी चहा घेऊन येऊ लागले.

"मास्तर, फक्त पाच टन हो. रडारच्या खांबाला." दिले. "धावपट्टीवरच्या मनोऱ्याला आणखी एक मजला. कप्तानांची फार इच्छा आहे." दिला. थोरल्या साहेबांना पाहुण्यांच्या दालनात सागवान हवं होतं, तेही दिलं. बडा पाहुणा जहाज बघायला आला की वरून रंगाचा नवा हात बसायचा, आणि अठरा वर्षांत पाहुणे पुष्कळ आले. भीड ही भिकेची बहीण, असं मास्तरांची बायको म्हणायची. मास्तर तिलाही हो म्हणायचे.

सगळं वजन वरच चढत गेलं. आणि वर जड झालेलं जहाज वादळात एकदा कललं, की परत सरळ होईलच याची खात्री नाही.

आज ते मोजायचं होतं. जहाज शांत पाण्यात उभं. अगदी गरजेपुरती माणसं वर ठेवलेली. त्यांनी लोखंडी ठोकळे ढकलत धावपट्टीच्या एका कडेला नेले आणि मग ती जागच्या जागी थिजली; कुणी हललं की मोजणी बाद. जहाजाच्या तळाशी टांगलेला ओळंबा तेलाच्या टबात किती सरकतो, ते पट्टीवर वाचायचं. सव्वाशे मिलीमीटरपर्यंत माफ; त्यापुढे गेला की जहाज वर जड.

पट्टीशी नौदलाची तरुण अधिकारी उभी होती. मास्तरांची लेक. आठ दिवसांनी जहाज पहिल्यांदा समुद्रात जाणार होतं आणि तिची ड्यूटी लागली होती सगळ्यात खालच्या इंजिनघरात.

"एकशे एकोणपन्नास," ती म्हणाली.

मास्तर पट्टीवर वाकले. "पुन्हा वाच."

"एकशे एकोणपन्नासच, बाबा."

शेजारी उभे असलेले थोरले साहेब शांत होते. "कुणीतरी हललं असेल. वाचन रद्द, असं लिहा. सहा महिन्यांनी पुन्हा घेऊ."

"पण साहेब, समुद्रात तर आठ दिवसांनी..."

"पत्रिका छापून झाल्यात, मास्तर. बँड ठरलाय. आणि हा आकडा वर गेला तर चौकशी लागेल. कुणाला किती टन दिले, सगळं निघेल. प्रत्येक पानावर सही कुणाची?"

मास्तरांची. सुवाच्य.

"मग कोण हललं, असं लिहू?"

साहेबांनी लेकीकडे पाहिलं. "पोर नवीन आहे. पाय अवघडला असेल. तिला कोण काय म्हणणार?"

चाळीस मिनिटं ती खांबासारखी उभी होती. नाकावरचा घामसुद्धा तिने पुसला नव्हता. तिने बापाच्या हातात अडून राहिलेलं पेन पाहिलं आणि म्हणाली, "हलले असेन मी, साहेब."

हा स्वर मास्तरांच्या ओळखीचा होता. अठरा वर्षं तो त्यांच्याच घशातून निघत होता. नाक उचलायचं होतं, डोळे उचलायचे होते. पोरीने बापाकडून नेमकं हेच उचललं होतं.

"ती हलली नाही," मास्तर म्हणाले, आणि खरा आकडा लिहून त्यांनी सही ठोकली.

"पेन्शन जाईल, मास्तर. तुम्हीही जाल, आत."

"हो," मास्तर सवयीने म्हणाले.

साहेब फोनाफोनी करायला वर धावले. न हलण्याचा नियम साहेबांना लागू नव्हता.

कागदावर नौदलाचीही सही लागायची. तिच्याविना तो रद्दीच. मास्तरांनी पॅड लेकीपुढे धरलं.

"बाबा, मी सही केली तर तुम्हाला..."

"कर गं बाळा. ते खाली यायच्या आत कर." जन्मभर लोक त्यांच्याकडे मागायला आले, पण मागणं इतकं जड असतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. "एवढं एकच दे मला."

तिने पेन घेतलं. डोळे भरलेले, सहीची जागा दिसेना. तेवढ्यात भिंतीवरचा फोन खणखणला. धावपट्टीवरचा मुकादम होता.

"मास्तर, पाऊण तास झाला. माणसं पुतळे झालीत. एकाला शिंक आलीय, नाक दाबून उभा आहे बिचारा. आता हललं तर चालेल का?"

लोखंडी जिन्यावर साहेबांचे बूट वाजू लागले. लेकीचं पेन कागदाला टेकलं होतं.

"नाही," मास्तर म्हणाले. शब्द तोंडात नव्या दातासारखा बोचला. "सही होईपर्यंत कुणीही हलायचं नाही."